काळी गाडी, जाळं आणि अल्टिमेट कंपाउंड: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

काळी गाडी घेऊ नकोस असं सगळ्यांनी सांगितलं होतं तरी मी घेतली, आणि दोन वर्षांत उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्यानं जाळं विणल्यासारखं दिसायला लागलं. हेच ते स्वर्ल मार्क्स. गंमत म्हणजे ते ओरखडे गोल नसतातच, सगळ्या दिशांना वेडेवाकडे गेलेले असतात, पण उजेडाच्या ठिपक्याभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून गोल जाळं वाटतं. दोष कोणाचा? माझाच. रोज सकाळी धुळीवर कोरडं फडकं फिरवायची सवय, म्हणजे रोज स्वतःच्या हातानं बारीक सँडपेपर मारत होतो की.

मग सगळे म्हणतात तसं आपणही म्हणलं, रबिंग मारून घेऊ, म्हणजे कंपाउंड नावाच्या बारीक कणांच्या मलमानं रंग घासून ओरखडे घालवायचे. पण मला स्वतः करायचं होतं, म्हणून एक डीए पॉलिशर (पॅड फिरतं आणि सोबत हलतंही असं घासायचं मशीन) घेतला आणि सोबत कंपाउंडची एक बाटली उचलली जिच्यावर मोठ्या अक्षरात हेवी कट, म्हणजे जोरात कापणारं, असं लिहिलेलं. कंपनीचं नाव घेत नाही. अर्ध्या दिवसात गाडी अशी चमकली की मी फोटो काढून चार जणांना पाठवले, आणि तिसऱ्या धुण्यानंतर जाळं होतं तिथे परत हजर! ओरखडे गेलेच नव्हते, त्यात तेल आणि फिलर, म्हणजे ओरखडे नुसते बुजवणारा लेप, भरून बसले होते, शाम्पूनं ते धुऊन निघालं. वर पावडर इतकी उडायची की काचेच्या रबरात, लोगोच्या फटीत, नंबर प्लेटच्या मागे, सगळीकडे पांढरं पांढरं, आणि ते वाळून दगड झालेलं.

तेव्हापासून कुठलंही कंपाउंड घेतलं तरी माझी एकच कसोटी आहे. एक हातभर जागा घासायची, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्यानं ती जागा पुसायची, म्हणजे तेल निघून जातं, आणि मग टॉर्च मारून बघायचं. जे पुसल्यावरही राहतं तेच करेक्शन, बाकी सगळा मेकअप.

या कसोटीला जी बाटली उतरली ती मेग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड. हे काही बाजारातलं सगळ्यात जहाल कंपाउंड नाही, आणि मला ते आवडायचं कारण अर्धं तेच आहे. उरलेलं अर्धं आत काय आहे त्यात. जुन्या पद्धतीच्या कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, त्यामुळे त्यांना पूर्ण वेळ फिरवावं लागतं, मध्येच थांबलात तर जाड कणांचा धुरकटपणा पत्र्यावर तसाच राहतो, आणि नवख्या माणसाला कुठे थांबायचं तेच कळत नाही. अल्टिमेट कंपाउंडमधले कण मुळातच अतिबारीक आणि एकसारखे असतात आणि तसे फुटत जात नाहीत, कंपनी याला सुपर मायक्रो अ‍ॅब्रेसिव्ह टेक्नॉलॉजी म्हणते. म्हणजे कट किती येणार हे तुमचा दाब, पॅड आणि स्पीड यावर ठरतं, बाटलीच्या मनावर नाही. याच घराण्यातलं त्यांचं एम१०५ जास्त कापतं, ते व्यावसायिक लोकांचं आवडतं, पण पहिल्यांदा मशीन धरणाऱ्यानं तिथून सुरुवात करू नये असं माझं मत.

आता खरा मुद्दा. लोक विचारतात कुठलं कंपाउंड घेऊ, पॅडचं कोणी विचारतच नाही. अरे, एकच बाटली तीन पॅडवर तीन वेगवेगळी कंपाउंड असल्यासारखी वागते! लोकरीच्या पॅडवर जोरात कापते, मायक्रोफायबरवर जवळपास तेवढीच पण मागे हलका धूसर थर सोडते, विशेषतः मऊ रंगावर, आणि फोमच्या पॅडवर शांतपणे काम करते. फोमच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचा जो रंग कटिंगचा तोच दुसऱ्या कंपनीचा फिनिशिंगचा असतो, पाकिटावर काय लिहिलंय तेच वाचा. मी मध्यम फोमवर सुरुवात केली, कसोटीच्या जागेवर साधारण निम्मे ओरखडे गेले, मग मायक्रोफायबर लावलं तेव्हा बहुतेक सगळे. हा क्रम उलटा करू नका, आधी सगळ्यात सौम्य जोडी, नाही जमलं तर एक पायरी वर.

का ते सांगतो. वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याचा केस ७० च्या आसपास धरला तर त्याहूनही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवायचं काम तोच करतो, आणि कंपाउंड म्हणजे त्याचाच वरचा पापुद्रा काढून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करणं, तो थर काही परत भरून येत नाही. जाडी मोजायचं गेज मिळतं पण ते प्रायमर, रंग आणि क्लिअर सगळं मिळून एक आकडा देतं, वरचा थर किती उरला ते सांगत नाही, आणि साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही. नख फिरवा, ओरखड्यात नख अडकलं तर तो सोडून द्या, त्याच्या मागे लागून क्लिअर फाटला की मग रंगवण्याशिवाय इलाज नाही.

मशीनवर वापरायची माझी पद्धत अशी बसली. गाडी आधी धुतलेली, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) फिरवलेला, हात लावला तर काचेसारखं गुळगुळीत लागलं पाहिजे, नाहीतर चिकटलेली घाण पॅडमध्ये अडकून नवीन ओरखडे पाडते. सावलीत आणि पत्रा गार असताना. बाटली चांगली हलवायची. नव्या पॅडला आधी पातळसं सगळीकडे चोळून घ्यायचं, नंतर प्रत्येक वेळी वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरे, जास्त घातलं की पॅड नुसतं घसरतं आणि चिखल होतो. फूट दीड फुटाचा चौकोन धरायचा, कमी स्पीडवर पसरवायचं आणि मग मशीनचा स्पीड चार-पाचवर नेऊन आधी आडवं मग उभं, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढवत, हात इतका सावकाश की बघणाऱ्याला कंटाळा यावा. मी सुरुवातीला कपडे इस्त्री केल्यासारखा फिरवत होतो, काही म्हणजे काही होत नव्हतं. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिच्यावर चिकटतं त्या तबकडीच्या, कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवा, फिरताना ती दिसत राहिली पाहिजे, रेघ थरथरत एकाच जागी उभी दिसली म्हणजे तुम्ही जास्त दाबताय आणि पॅड फिरणं थांबलंय, नुसतं हलतंय.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं झाडायचं. हे लोक टाळतात आणि मग कंपाउंडला शिव्या देतात. पॅडमध्ये निघालेला क्लिअर आणि वाळलेलं कंपाउंड साचलं की कट निम्म्यावर येतो आणि गरम होतं ते वेगळंच. अख्ख्या गाडीला निदान तीन-चार पॅड हाताशी हवेत.

या कंपाउंडचा काम करायचा वेळ चांगला लांब आहे, लगेच वाळून बसत नाही, पावडर आधीच्या बाटलीच्या मानानं अगदीच कमी, आणि पुसायला एक मऊ मायक्रोफायबर दोनदा फिरवलं की झालं. दाराच्या हँडलमागे नखांचे जे ओरखडे पडतात तिथे मशीन जात नाही, तिथे फोमच्या छोट्या अ‍ॅप्लिकेटरनं हातानं घासलं तर तेही बरेच गेले, फक्त दंड भरून येतात.

दाण्यादाण्याच्या काळ्या प्लास्टिकवर मात्र पडू देऊ नका. मी आळशीपणा करून मास्किंग टेप फक्त समोर लावला, मागे नाही, आणि मग जुना टूथब्रश आणि क्लीनर घेऊन तासभर पांढरे डाग घासत बसलो. टेप पॅनलच्या कडांवर आणि बॉनेटच्या उठावाच्या रेषेवरही लावायचा, कारण धारेवर रंग पातळ असतो आणि पॅडचा सगळा जोर तिथेच येतो.

काळ्या रंगावर एकट्या कंपाउंडवर काम संपेल असं समजू नका. मायक्रोफायबर पॅडनंतर टॉर्चखाली हलकं धुकं दिसत होतं, त्यासाठी मेग्वायर्सचंच एम२०५ हे बारीक पॉलिश मऊ फोमवर एकदा फिरवलं तेव्हा ती खोल, ओली काळी झाक आली. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला कदाचित तुम्हाला दुसऱ्या फेरीची गरजच वाटणार नाही. आणि शेवटी वरून संरक्षणाचा थर म्हणून सीलंट किंवा वॅक्स हवंच, कंपाउंड संरक्षण काही देत नाही, उलट आधी कोटिंग असेल तर तेही काढून टाकतं. मॅट रंगाच्या गाडीला तर हे लावूच नका, चकाकते डाग पडतील आणि ते परत जाणार नाहीत.

कोणी घेऊ नये? ज्यांनी पत्र्यावर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा सँडपेपर, मारलाय किंवा ज्यांचा क्लिअर फारच कडक आहे त्यांना यानं फेऱ्याच फेऱ्या माराव्या लागतील, त्यापेक्षा मेन्झर्नाचं हेवी कट ४०० सारखं सरळ कापणारं काहीतरी घ्या. रंगकामाच्या शेडमध्ये वापरणार असाल तर सिलिकॉन नसलेलं बघून घ्या, सिलिकॉन राहिलं की नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आणि मित्र म्हणाला की माझी रोटरी (पॅड एकाच जागी नुसतं गरगर फिरवणारं मशीन) ने, लवकर होईल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. रोटरी वाईट नाही, पण ती एका जागी क्षणभर थांबली की उष्णता चढते, आणि हात बसलेला नसेल तर उन्हात होलोग्रामच्या, म्हणजे पॅडच्या बारीक ओरखड्यांच्या, लाटा दिसतात, म्हणजे जाळं गेलं आणि लाटा आल्या.

४५० मिलीची बाटली, माझ्या गाडीला निम्मीही लागली नाही. सहा महिने झाले, दोन बादल्या (एक शाम्पूची, एक फडकं खळबळायच्या साध्या पाण्याची) घेऊन धुतो, कोरडं फडकं घरातून हद्दपार केलंय, आणि आयपीएनं पुसून टॉर्च मारली तर बॉनेट अजून स्वच्छ आहे. डाव्या मागच्या दारावर एक किल्लीचा ओरखडा आहे, नख अडकतं त्यात. तो तसाच ठेवलाय.