हरिश्चंद्रगड: पाचनई की खिरेश्वर?

गड तोच, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडाही तेच. फरक पाचनई किंवा खिरेश्वर या पायथ्याच्या गावांतून वर पोचेपर्यंतच्या वाटेत आहे.

दम किती लागतो? पाचनई गावच मुळात उंचावर, त्यामुळे चढ थोडा. रमतगमत दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर येतं. खिरेश्वरहून चार-पाच तास धरा. आधी जंगलातून तोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि 'आता आलंच' म्हणताना पठारावरचे चढउतार सुरू होतात. ते कंटाळवाणे आहेत, हे कुणी आधी सांगत नाही. धुक्यात याच पठारावर माणसं चकतात, म्हणून पावसाळ्यात गावातला वाटाड्या घ्याच. त्याचे पैसे वाचवू नका.

गावापर्यंत पोचण्यात मात्र उलटं गणित. खिरेश्वरसाठी कल्याण-आळेफाटा एसटीने खुबी फाट्याला उतरायचं आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने तासभर चालायचं. पाचनई अकोले तालुक्यातल्या राजूरच्याही आत, एसटी मोजक्याच. स्वतःची गाडी नसेल तर जीप ठरवण्यात खर्च वाढतो.

जेवणाची सोय दोन्ही गावांत होते.

मुलं, आईवडील किंवा पहिलाच ट्रेक असेल तर पाचनई. मुंबईहून एसटीने येणारे, पाय तयार असलेले आणि मुक्कामाला जाणारे असाल तर खिरेश्वर. दोन्ही हवंय? खिरेश्वरहून चढा, पाचनईला उतरा. फक्त परतीची गाडी आधी ठरवून ठेवा.