रुबीचं सी एपीआय: कुलूप आहे, पण लावायचं आपण

रुबी या प्रोग्रामिंग भाषेसाठी सीमध्ये एक्स्टेन्शन (जोड-कोड) लिहिताना सर्वांत जास्त गाठ पडते ती स्ट्रिंगशी, म्हणजे मजकुराशी, आणि एपीआयचा (सीमधून रुबीला हात घालायच्या फंक्शनांचा) हा भाग एरवी झकास आहे. नावं सरळ, वेग उत्तम. खोट एकच: आरस्ट्रिंग_पीटीआर स्ट्रिंगच्या बाइट्सचा साधा कॅर पॉइंटर (मेमरीतला पत्ता) हातात देतो, कॉन्स्ट, म्हणजे फक्त वाचायचा, नव्हे. स्ट्रिंग फ्रोझन, म्हणजे बदलायला बंदी असलेली, असली तरी त्यातून लिहिता येतं. कंपायलर गप्प, रुबीही गप्प.

फटका नंतर बसतो, तोही भलतीकडेच. हॅशला (नावावरून नोंद शोधायच्या कोशाला) की, म्हणजे नोंदीचं नाव, म्हणून दिलेल्या स्ट्रिंगची रुबी फ्रोझन प्रत ठेवते. ती सीमधून जागच्या जागी बदलली की अक्षरं नवी, पण नोंद शोधायचा आकडा (हॅश कोड) जुना. मग रीहॅश करेपर्यंत (हे आकडे नव्याने काढेपर्यंत) नोंद जुन्या नावाने सापडत नाही आणि नव्यानेही बहुधा नाहीच. फ्रोझन लिटरलची (कोडमध्ये थेट लिहिलेल्या फ्रोझन स्ट्रिंगची) गत याहून वाईट. सारख्या मजकुराची अशी लिटरल्स आतून एकच ऑब्जेक्ट असतात, त्यामुळे एका फाइलीत खोडलं की सगळीकडे खोडलं. स्ट्रिंग फ्रोझन नसली म्हणून निर्धास्त राहू नका. डुप केलेली (नक्कल काढलेली) लांब स्ट्रिंग मूळ स्ट्रिंगचाच बफर, म्हणजे बाइट्सची जागा, वापरत असू शकते; मग एकीत लिहिलं की दुसरीही बदलते.

यावर उपाय असलेलं आरबी_एसटीआर_मॉडिफाय हे फंक्शन मात्र मनापासून आवडावं असं आहे. स्ट्रिंग फ्रोझन असेल तर ते फ्रोझनएरर ही चूक फेकतं (२.५ च्या आधी रनटाइमएरर), बफर सामाईक असेल तर वेगळा करून देतं, आणि कोडरेंजही (मजकूर कोणत्या प्रकारच्या अक्षरांचा आहे याची साठवलेली खूण) पुसतं. हे शेवटचं मराठीवाल्यांच्या खास कामाचं: ‘निव्वळ आस्की’ (एकेका बाइटची इंग्रजी अक्षरं) अशी खूण राहिलेल्या स्ट्रिंगमध्ये ‘क’ लिहिलात, तर यूटीएफ-८ चे ३ बाइट म्हणजे लांबी १ ऐवजी ३ मोजली जाते.

क्रम मात्र पाळा. आधी मॉडिफाय, मग पॉइंटर. उलट केलं तर पॉइंटर जुन्याच बफरकडे बोट दाखवत राहतो. जागा वाढवायची तर मॉडिफाय_एक्स्पांड, आणि लिहून झाल्यावर सेट_लेन.

नुसतं वाचायचं असलं तरी एक खड्डा आहेच. पॉइंटर काढल्यावर मूळ व्हॅल्यू (सीमधला रुबी ऑब्जेक्टचा संदर्भ) पुढे कुठे वापरली नाही, तर कंपायलरचा ऑप्टिमायझर ती उडवतो आणि जीसीला (न लागणारी मेमरी परत घेणाऱ्या यंत्रणेला) स्ट्रिंग बेवारस वाटते. व्हॅल्यू जिवंत ठेवणारं आरबी_जीसी_गार्ड पॉइंटरच्या शेवटच्या वापरानंतर लिहा. वर लिहून काही उपयोग नाही. डीबग बिल्डमध्ये ही चूक सहसा लपून राहते. -ओ३ ने (कंपायलरच्या जोरदार ऑप्टिमायझेशनने) बिल्ड करून जीसी.स्ट्रेस (जीसी पुन्हापुन्हा चालवणारी सोय) चालू ठेवा. टेस्ट रखडत चालतील, पण चूक तिथेच बाहेर पडण्याची शक्यता सर्वांत जास्त.