नोंदणी विवाह की वैदिक विवाह?
विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार लग्न करायचे असेल, तर लग्नाची नोटीस जिथे द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यावर आणखी ३० दिवस थांबावे लागते, आणि नोटिशीपासून ३ महिन्यांत, ३ साक्षीदारांसमक्ष विवाह न झाल्यास नोटीस नव्याने द्यावी लागते. त्यामुळे रजा आणि पाहुण्यांची तिकिटे नोटिशीची ३० दिवसांची मुदत संपल्यावरच ठरवावीत. वैदिक विवाहाला ही प्रतीक्षा नाही, परंतु मंगल कार्यालय, गुरुजी आणि केटरर यांची एका मुहूर्तावर जुळवाजुळव करणे (तुळशीच्या लग्नानंतर तर विशेषच) सोपे नसते. शिवाय महाराष्ट्रात त्याचीही ९० दिवसांत नोंदणी करायची असते. धर्मांतराविना आंतरधर्मीय विवाहासाठी पहिलाच मार्ग योग्य. घरच्यांना सप्तपदी हवी असल्यास दुसरा पुरेसा आहे, मात्र जोडीदाराच्या व्हिसासाठी प्रमाणपत्र लागणार असेल, तर नोंदणी लांबवू नये.