वापरलेली ड्युअल कॅब यूट घेताना: हायलक्स, डी-मॅक्स, रेंजर की ट्रायटन?

ऑस्ट्रेलियात वीस-पंचवीस हजार डॉलरांच्या आत चार दारांची, पाच माणसांची आणि मागे सामानाचा हौदा असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह यूट शोधणाऱ्याला साधारणपणे २०१२ ते २०१७ या काळातल्या, बऱ्यापैकी धावलेल्या डिझेल गाड्यांमधून निवड करावी लागते. टोयोटा हायलक्स, इसुझु डी-मॅक्स, फोर्ड रेंजर, तिचीच सख्खी बहीण असलेली माझ्दा बीटी-५० आणि मित्सुबिशी ट्रायटन ही नावे पुन्हा पुन्हा समोर येतात. माझे मत आधीच सांगतो: बहुतेक घरांसाठी मी २०१४ ते २०१६ मधली डी-मॅक्स सुचवेन, आणि ज्या घराची गाडी मुख्यतः शहरात व पावसाळी डांबरी रस्त्यांवर चालणार आहे त्या घराला ट्रायटन सुचवेन. कारणे मात्र सविस्तर सांगायला हवीत, कारण ती पटली नाहीत तर ही निवड करण्यात अर्थ नाही.

सुरुवात वजनापासून करावी. जाहिरातीत ‘३,५०० किलो ओढते’ असे ठळकपणे लिहिलेले असते. पण गाडी जे ओढू शकते आणि जे स्वतःवर वाहू शकते ते दोन्ही एकाच वेळी पूर्ण प्रमाणात मिळत नाही. २,५०० किलोची कॅरव्हॅन, म्हणजे मागे ओढायचे फिरते घर, जोडली, तर तिचा सुमारे एक दशांश भार, म्हणजे २५० किलो, हुकावर येतो आणि तो गाडीच्या वाहनक्षमतेतून वजा होतो. ही क्षमता साधारण एक टन असते. पाच माणसांचे ३७५ किलो धरले, तर ६२५ किलो तेथेच संपतात, आणि त्यानंतर बुलबार (पुढचा संरक्षक दांडा), कॅनपी (हौद्यावरचे बंदिस्त छप्पर), दुसरी बॅटरी, फ्रिज आणि पाण्याची टाकी मोजायला घेतल्यावर टन केव्हा भरला ते कळत नाही. मागे अवजड कॅनपी, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर भार पेलायला हवेच्या पिशव्या आणि त्यावर कॅरव्हॅन अशा अवस्थेत खडबडीत रस्त्यावर पळवलेल्या यूटची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, केबिनच्या मागे वाकू शकते, आणि हे कोणत्याही एका कंपनीपुरते नाही. म्हणून आपल्याला नेमके काय ओढायचे आहे, हे ठरल्याशिवाय गाड्यांची तुलना करू नये.

आता हायलक्स. २००५ ते २०१५ या पिढीतले तीन लिटरचे डिझेल इंजिन दणकट म्हणून प्रसिद्ध आहे आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात तिचे सुटे भाग मिळतात, ही गोष्ट सिम्प्सन वाळवंटाकडे निघालेल्यासाठी फार मोलाची आहे. पण या इंजिनाचे डिझेल फवारणारे इंजेक्टर हा त्याचा नाजूक भाग आहे. त्यांची तांब्याची सीले गळू लागली की काजळी तेलात जाते, तेल शोषणारी जाळी तुंबते आणि इंजिन तेलाविना राहण्याचा धोका निर्माण होतो. त्यातच टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, दर दीड लाख किलोमीटरला बदलावा लागतो, त्यामुळे १,४५,००० किलोमीटरवर विकायला आलेली हायलक्स पाहताना तो खर्च आधीच किमतीतून वजा करावा. ओढण्याची मर्यादाही २,५०० किलोपर्यंतच आहे. २०१५च्या अखेरीस आलेल्या पुढच्या पिढीत २.८ लिटरचे इंजिन आणि पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आली, पण त्यासोबत धुरातली काजळी अडवणाऱ्या डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा, म्हणजे डीपीएफचा, त्रास आला. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळात विकलेल्या गाड्यांच्या या दोषाबद्दल फेडरल कोर्टात सामूहिक दावा चालला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा या वर्षांतली हायलक्स घेताना फिल्टर दुरुस्त किंवा बदलला आहे का, हे कागदावर पाहावे. मला हायलक्स नावडत नाही; पण टोयोटाच्या नावापायी जो जादा पैसा मोजावा लागतो, त्यात दुसरीकडे कमी धावलेली आणि नीट सांभाळलेली गाडी मिळू शकते, हे मनापासून सांगावेसे वाटते.

डी-मॅक्सचे तीन लिटरचे इंजिन इसुझुच्या छोट्या ट्रकांतल्या इंजिनाच्या घराण्यातले आहे. १३० किलोवॅट शक्ती आणि ३८० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) हे आकडे रेंजरपुढे फिके दिसतात, चालताना आवाजही जास्त येतो आणि आतली सजावट साधी आहे. परंतु ज्या इंजिनाकडून त्याच्या क्षमतेपेक्षा कमी काम घेतले जाते ते जास्त टिकते, आणि स्वस्तात जुनी गाडी घेणाऱ्यासाठी हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. टायमिंग चेन असल्यामुळे बेल्टचा खर्च नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१६ पासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना धुराच्या प्रदूषणाचे युरो ५ नियम लागू झाले, आणि २०१७च्या डी-मॅक्समध्ये डीपीएफ आला, सोबत ४३० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअरही आले. ज्याची रोजची फेरी स्टेशनपर्यंतची आणि शाळेपर्यंतची आहे, त्याला फिल्टरमधली काजळी जळून तो स्वच्छ होण्याइतका लांब पल्ला मिळत नाही. मेलबर्न-सिडनीच्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेक मराठी कुटुंबांची स्थिती तीच असते. म्हणून मी त्याआधीच्या गाडीकडे झुकतो. २०१४च्या मॉडेलपासून फोर-बाय-फोर डी-मॅक्सला ३,५०० किलो ओढण्याची परवानगी आहे. उणीव एकच, पण खरी: या पिढीत कंपनीकडून मागचा डिफरेन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरले तरी मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, मिळत नाही, त्यामुळे व्हिक्टोरियाच्या हाय कंट्री या डोंगराळ भागातील चिखलाच्या चढांवर वारंवार जाणाऱ्याने तो नंतर बसवण्याचा खर्च धरावा.

रेंजर चालवायला या सगळ्यांत सुखावह आहे. पाच सिलिंडरचे ३.२ लिटर इंजिन, ४७० न्यूटन-मीटर टॉर्क, ८०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता, मागचा डिफरेन्शियल लॉक आणि २०११ मध्येच अँकॅप या सुरक्षा-चाचणीत मिळालेले पाच तारे, हे सगळे आकर्षक आहे. मात्र या इंजिनाची देखभाल हयगयीने झालेली चालत नाही. तेल बदलताना ते फार वेळ निथळत ठेवले तर ऑइल पंप रिकामा होतो आणि नवे तेल भरल्यावरही दाब तयार होत नाही, म्हणून ही माहिती नसलेल्या कारागिराने केलेली एक सर्व्हिसही इंजिनाचा घात करू शकते. ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग) फुटून कूलंट आत जाण्याच्या तक्रारीही माहीत आहेत. प्रत्येक सर्व्हिसच्या शिक्क्यासह पुस्तक असेल तरच रेंजर घ्यावी. आणि तसे पुस्तक असलेली बीटी-५० मिळाली, तर ती आधी पाहावी, कारण २०११ ते २०२० मधल्या बीटी-५० मध्ये यंत्र तेच आहे आणि चेहरा लोकांना न आवडल्याने ती सहसा स्वस्त पडते.

ट्रायटनचे वैशिष्ट्य तिच्या सुपर सिलेक्ट या फोर-व्हील-ड्राइव्ह यंत्रणेत आहे. इतर यूटमध्ये कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून वळले तर यंत्रणेवर ताण येतो. सुपर सिलेक्ट असलेल्या ट्रायटनमध्ये पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरेन्शियल असल्याने ती डांबरावरही चारही चाकांवर निर्धास्त चालते, आणि पावसात मुलांना घेऊन जाणाऱ्यासाठी हा मोठा दिलासा आहे. ही सोय सर्व श्रेणींत नाही, जीएलएससारख्या वरच्या श्रेणीत आहे, हे विसरू नये. २०१५ पासूनच्या गाडीत २.४ लिटरचे, १३३ किलोवॅटचे इंजिन व टायमिंग चेन आहे, त्याआधीच्या २.५ लिटरला बेल्ट आहे. ओढण्याची मर्यादा ३,१०० किलो.

निसान नवाराच्या २००५ ते २०१५च्या पिढीतल्या २.५ लिटर इंजिनाची टायमिंग चेन सैल होते आणि होल्डनचे नाव २०२० मध्ये बंद झाले, म्हणून नवारा व होल्डनची कोलोराडो मी या यादीत घेतल्या नाहीत.

गाडी पाहायला जाताना मालकाला इंजिन गरम करून ठेवू नका असे सांगावे, कारण इंजेक्टरचा आणि चेनचा आवाज थंड इंजिनातच खरा ऐकू येतो. गालिचा उचलून लाल माती दिसली, तर गाडी खाणीवर किंवा आउटबॅकमध्ये राबलेली असण्याची शक्यता मोठी. खालून मिठाचा गंज दिसला, तर ती समुद्रकिनाऱ्यावर, कदाचित क्गारी (पूर्वीचे फ्रेझर बेट) या बेटाच्या वाळूत, वारंवार गेलेली असू शकते. केबिन व हौदा यांतली फट वर-खाली सारखी आहे का ते पाहावे. वरची फट रुंद असेल तर चॅसीची शंका घ्यावी. कच्च्या रस्त्यावर चारही चाके जोडून, मग लो गिअरमध्ये टाकून पाहावे. मुलांच्या आसनाचे पट्टे अडकवण्याची सोय मागच्या बाकावर कशी आहे, हे आसन सोबत नेऊनच तपासावे, कारण अनेक यूटमध्ये ती कारसारखी सरळ नसते.

त्यानंतर स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी, आणि पैसे देण्याच्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी सरकारी पीपीएसआर नोंदवहीत दोन डॉलर भरून गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची किंवा भंगारात काढलेली आहे का, हे पाहावे. व्हिक्टोरियात नोंदणीसह विकणाऱ्याने तीस दिवसांच्या आतले रोडवर्दी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे, प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. पण ते ब्रेक, टायर, दिवे यांच्या सुरक्षिततेपुरते असते, इंजिन किती टिकेल याची ती ग्वाही नव्हे. एकूण रकमेतले दोन-तीन हजार डॉलर गाडीच्या किमतीत न घालता बाजूला ठेवावेत, म्हणजे घरी आणल्याबरोबर इंजिन, गिअरबॉक्स व दोन्ही डिफरेन्शियलचे तेल, कूलंट, सर्व फिल्टर आणि लागल्यास टायर बदलता येतील.