थर्ड डिव्हिजनला टीम टाकून देतो म्हणणाऱ्या "सेक्रेटरी"पासून सांभाळून राहा

मुंबई, ठाणे, नवी मुंबई साइडला ज्यांची पोरं फुटबॉल खेळतात किंवा जे स्वतः एरियाची टीम सांभाळतात त्यांच्यासाठी लिहितोय. लांबलंय जरा, पण पूर्ण वाचा. माणसाचं आणि क्लबचं नाव टाकत नाहीये, कारण पोलिसात अर्ज दिलाय आणि वकील मित्र म्हणाला की नाव टाकलंस तर तोच उलटा अब्रूनुकसानीची नोटीस पाठवेल. तसंही नाव कळून फार उपयोग नाही, हे लोक दर सीझनला नवीन नाव घेऊन फिरतात. पद्धत लक्षात ठेवा.

आम्ही विक्रोळीचे, कन्नमवार नगर. इथली पोरं रिंक फुटबॉल आणि टर्फवरच्या फाइव्ह-अ-साइडवर वाढलेली. ट्रॉफ्या भरपूर, ठेवायला जागा नाही, पण एरियाच्या बाहेर त्याला कोण विचारतंय. पोरांना हवी होती मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या लीगमधली अकरा-अकराची खरी मॅच. ज्या शहरात १८९१ ला रोव्हर्स कप सुरू झाला तिथे एवढं मागणं काय जास्त नाही. आमच्या वडिलांच्या वेळी मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा अशा टीम होत्या, पोरगा बरा खेळला की नोकरीला चिकटायचा. आता गिरण्यांचं तर सांगायलाच नको, महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाली, मुंबई एफसी २०१७ ला गुंडाळली. तरी मुंबईची लीग चालू आहे. वरच्या डिव्हिजनची नावं अधूनमधून बदलतात, पण खाली सुपर, फर्स्ट, सेकंड आणि एकदम तळाला थर्ड. नवीन आलेल्याने तळातूनच वर चढायचं.

आणि ह्या तळाकडे कोणाचंही लक्ष नसतं हे नीट समजून घ्या, कारण सगळा धंदा त्याच्यावरच चालतो. परळचं झेवियर्स किंवा वांद्र्याचं नेव्हिल डिसोझा ग्राउंड घ्या (१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा तो हाच, आमच्या अर्ध्या पोरांना वाटायचं कुठल्यातरी नगरसेवकाचं नाव दिलंय), भर दुपारी खालच्या डिव्हिजनची मॅच लागते, बघायला कोण तर कोणाचा तरी भाऊ आणि टांग मारून आलेले दोन मित्र. पेपरात रिझल्ट नाही, टीव्हीवर तर विषयच नाही, कधी समोरच्या टीमची सात पोरंपण येत नाहीत आणि वॉकओव्हर. अशा ठिकाणी माझा क्लब आहे, यंदा आम्ही क गटात आहोत असं कोणी छातीठोक सांगितलं तर ते खोटं आहे हे बघणार कोण?

हा इसम आम्हाला भेटला घाटकोपरच्या एका टर्फ टूर्नामेंटला. ट्रॅकसूट, गळ्यात आयकार्ड पण ते सतत उलटं, सोबत डायरी. पोरं लगेच सर सर करायला लागली. म्हणाला माझा थर्ड डिव्हिजनचा क्लब आहे, जुना आहे, दोन वर्षं पोरं नाहीत म्हणून झोपलाय, अ‍ॅफिलिएशन म्हणजे असोसिएशनची मान्यता चालू आहे, तुमची टीम आमच्या नावाने खेळवा, वर गेलो की पुढच्या वर्षी नाव बदलून तुमचं करू. आता क्लब चालवायला दुसऱ्याकडे देणं हे मुंबईत अगदी न ऐकलेलं नाही, त्यामुळे कोणाला खटकलं नाही. वर वेळ पण त्याने बरोबर साधली. २०२५ चा जुलै, आयएसएल म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग होल्डवर गेल्याच्या बातम्या रोज चालू, आणि हा सांगतोय की वरचं सगळं ठप्प आहे ना, म्हणून यंदा स्काउट लोक खालच्या डिव्हिजन बघतायत. आयडिया बघा, खरी बातमी घ्यायची आणि तिच्या शेपटाला आपली थाप बांधायची.

एका पोरामागे साडेचार हजार. त्यात रजिस्ट्रेशन, किट, रेफरी फी, इन्शुरन्स, सगळं म्हणे. बावीस पोरं. काहींच्या आयांनी भिशीतले काढून दिले, एकाने डिलिव्हरीच्या पगारातून दोन हप्त्यांत दिले. पैसे असोसिएशनच्या खात्यात नाही, क्लबच्या खात्यात नाही, एका क्यूआर कोडवर, आणि स्कॅन केलं की नाव यायचं कुठल्यातरी मोबाइल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. विचारलं तर म्हणाला क्लबचं खातं ऑडिटला अडकलंय. पावती मागितली तर व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा. सोबत प्रत्येकाचं आधार, जन्मदाखला, फोटो आणि एका फॉर्मवर सही. फॉर्म कोरा. "तुम्ही सही करा, बाकीचं मी ऑफिसात बसून भरतो, तुमची स्पेलिंगं चुकतात."

किट आली. जर्सीच्या छातीवर लोगो चिकटवलेला, पहिल्या धुण्यात एका पोराच्या जर्सीचा लोगो सुटला आणि खाली दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनी टूर्नामेंटचं नाव. म्हणजे उरलेला लॉट उचललेला. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पोरांना नंबर मिळाल्याचाच आनंद एवढा होता.

मग फिक्श्चरची, म्हणजे मॅचच्या वेळापत्रकाची पीडीएफ. ही मी जपून ठेवलीये. बाकी सगळ्या टीमची नावं कॅपिटलमध्ये, आमचं एकट्याचं स्मॉलमध्ये, फॉन्ट वेगळा आणि ओळीत किंचित वर सरकलेलं. खरी पीडीएफ घेऊन दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर पट्टी मारून आमचं टाकलेलं. त्या तारखेला सगळी पोरं सुट्टी टाकून परळला. ग्राउंडवर दुसऱ्याच दोन टीम वॉर्मअप करतायत. टेबलावर एक वयस्कर गृहस्थ बसलेले, समोर टीमशीट, त्यांच्यापाशी गेलो, त्यांनी शांतपणे कागद वरून खाली बघितला, मागचं पान बघितलं आणि म्हणाले, "ह्या नावाची टीम यंदाच्या थर्डलाच नाहीये, तुम्हाला कोणी पाठवलं?" तेवढ्यात सरांचा फोन, की अरे फिक्श्चर बदललं, मेसेज टाकला होता, नेटवर्क नसेल.

पुढची "लीग मॅच" मुलुंडला एका कॉलेजच्या ग्राउंडवर झाली. समोर दुसऱ्या एरियाची पोरं, तीपण आमच्यासारखीच पैसे भरून आलेली, हे नंतर कळलं. रेफरी पिवळ्या शर्टात, शर्टावर बॅज नाही. एका राड्यात त्याने ऐटीत खिशात हात घातला, सगळ्यांना वाटलं आता कार्ड निघतंय, निघाला मोबाइल. कार्डं आणलीच नव्हती. मॅच कमिशनर नाही, टीमशीटवर कॅप्टनची सही नाही, सब घ्यायचा तर स्लिप नाही, नुसतं हात वर करून आत. आम्ही ३-१ जिंकलो आणि त्या जिंकण्यामुळे पोरं अजून महिनाभर गप्प बसली. पराभव झाला असता तर लवकर शहाणी झाली असती बहुतेक!

नुसते पैसे गेले असते तर मी एवढं टाइप केलं नसतं. खरा घोळ वेगळाच निघाला. आमचा गोलकीपर एकोणीस वर्षांचा आहे, हात लांब, डोकं थंड. त्याला एका खऱ्या सुपर डिव्हिजनच्या क्लबने बोलावलं, ट्रायलला पसंत पण केला, आणि रजिस्ट्रेशनला बसले तर कळलं की सीआरएसवर हा आधीच दुसऱ्या क्लबकडे नोंदलेला आहे. सीआरएस म्हणजे एआयएफएफची, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी. तिथे प्रत्येक प्लेयरला एक आयडी असतो आणि एका वेळी तो एकाच क्लबचा. आणि नोंद कुठे, तर ज्याच्या नावाची जर्सी घालून खेळला त्या क्लबकडेपण नाही, मुंबईबाहेरच्या तिसऱ्याच एका क्लबकडे, जिथे हा बाबा "टेक्निकल डायरेक्टर" की काय आहे. तिथे संख्या भरायला पोरं कमी पडत होती, आमच्या पोरांचे आधार आणि कोऱ्या सह्या तिकडे लागल्या. मुलुंडची मॅच बोगस, पण नोंद एकदम खरी, ह्याला म्हणतात डोकं.

फोन केला तर आवाजच बदलला. रिलीज पाहिजे ना, म्हणजे पोराला त्या क्लबमधून मोकळं करायचंय ना, तर पंधरा हजार, डेव्हलपमेंट फी. एक दिवस ट्रेनिंग दिलं नाही, साधा कोन ठेवला नाही ग्राउंडवर, आणि डेव्हलपमेंट फी. वर धमकी, की जास्त हुशारी केली तर पोराला बॅन लागेल, एका सीझनमध्ये तीनपेक्षा जास्त क्लबांकडे नोंद होत नाही, फिफाचा नियम आहे. नियम खरा आहे. एका सीझनला जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंद आणि ऑफिशियल मॅच फक्त दोघांकडून. पण आमच्या पोराचा हा पहिलाच क्लब, त्यामुळे बॅनचा संबंधच नव्हता. ह्या लोकांची हीच तऱ्हा, नियम अर्धा सांगायचा आणि तो पण पोराच्या आईला, ऑफिसात कोणाला नाही.

पैसे दिले नाहीत. पोराच्या सहीने अर्ज लिहिला की ही नोंद माझ्या संमतीने नाही, फॉर्म कोरा असताना सही घेतली, सोबत चॅटचे स्क्रीनशॉट, आणि तो असोसिएशनच्या ऑफिसात देऊन पोच घेतली, मेलपण टाकला. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं हे सांगायला पाहिजे. शेवटी रिलीज झाला, पण तोवर त्या क्लबने दुसरा कीपर घेतला होता आणि ह्याचा सीझन बेंचवर नाही, घरी गेला.

अजून दोन गोष्टी ह्याच माणसाच्या. एक म्हणजे सर्टिफिकेट. मॅचेस खेळल्याचं सर्टिफिकेट देतो, पोलीस भरतीला पाच टक्के खेळाडू आरक्षणात लागेल, त्याचे वेगळे दोन हजार. चार पोरांनी घेतलं. सोनेरी शिक्का, लॅमिनेशन, आणि संघटनेचं नाव एका अक्षराने वेगळं. बाबांनो, नुसतं लीग खेळल्याच्या कागदावर ते आरक्षण मिळत नाही, मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते आणि सर्टिफिकेट क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसातून पडताळून घ्यावं लागतं. तिथे बोगस कागद घेऊन गेलं तर अडकणार पोरगाच. दुसरी गोष्ट, काही पोरांना पोर्तुगालच्या क्लबकडे ट्रायलला पाठवतो म्हणाला. त्यातलं एक पोरगं सतरा वर्षांचं. अठराच्या आत परदेशी क्लबकडे ट्रान्सफर फिफा मोजके अपवाद सोडले तर होऊच देत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून एजंटला फिफाचं लायसन्स लागतं, नावं त्यांच्या साइटवर शोधता येतात. ह्याचं शोधलं. नव्हतं. नशीब त्या पोराकडे पासपोर्टच नव्हता.

तुमच्याकडे असा कोणी आला तर पैशाचं बोलण्याआधी असोसिएशनच्या ऑफिसात फोन लावून क्लबचं नाव विचारा, यंदा कुठल्या डिव्हिजनला आहे, सेक्रेटरी म्हणून कोणाची सही चालते. पाच मिनिटांचं काम आहे आणि खरा सेक्रेटरी असेल तर त्याला राग येत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही नाहीच, फॉर्म भरून झाला की त्याचा फोटो काढून ठेवा. झेरॉक्सवर पेनने आडवं लिहा, अमुक क्लबच्या रजिस्ट्रेशनसाठी, तारीख. आणि नोंद झाली म्हणतोय तर आयडी नंबर मागा, तो नंबर कुठल्या क्लबखाली दिसतो ते दाखव म्हणा. आमच्याकडे कोणी मागितलाच नव्हता, कारण आयडी असतो हेच बहुतेकांना त्या कीपरच्या भानगडीत कळलं.

पोलिसांचं म्हणाल तर पहिल्या खेपेला हवालदार म्हणाले हे तुमचं आपसातलं देण्याघेण्याचं आहे, सिव्हिल आहे. चारशेवीस आता राहिलं नाही, फसवणुकीला बीएनएसचं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं, हे आम्ही लिहून नेलं तेव्हा अर्ज तरी घेतला. एफआयआर अजून नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, आम्हाला तोवर महिने झाले होते त्यामुळे तिथे काही हाती लागलं नाही.

आणि मग त्याने काय केलं, जे पालक सगळ्यात जास्त आरडाओरडा करत होते त्यांचे पैसे गुपचूप परत केले. फक्त त्यांचेच. दुसऱ्या दिवसापासून ग्रुपवर त्यांचा सूर बदलला, जाऊ द्या ना, कशाला पोरांच्या मागे पोलीस लावता, तो तसा वाईट माणूस नाही. डिलिव्हरीवाल्या पोराचे आले नाहीत, तो ओरडत नव्हता. अर्जावर आता बावीसमधली नऊ नावं राहिलीत.

मुलुंडला समोर खेळलेली टीम भांडुपची होती एवढंच कळलंय. त्यातलं कोणी किंवा त्यांचे पालक हे वाचत असतील तर क्यूआरचे स्क्रीनशॉट, ती वाकड्या नावाची पीडीएफ आणि व्हॉइस नोट डिलीट करू नका, आणि आधी पोरांची नावं सीआरएसवर कुठल्या क्लबखाली लागलीत ते बघून घ्या. अर्जात नाव जोडायचं असेल तर कन्नमवार नगरला या, रविवारी सकाळी आम्ही ग्राउंडवरच असतो.