पुणे ते लंडन : कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

लंडनला लेकीकडे माझे गेली कित्येक वर्षे जाणे-येणे असल्यामुळे ते शहर आता परके राहिलेले नाही. त्रास होतो तो प्रवासाचा, आणि त्यातही पायांच्या सुजेचा. उतरताना घोटे दिसेनासे झालेले असतात, पोटऱ्या जड होतात आणि पुढचे दोन दिवस चपलाही पायांत नीट बसत नाहीत. म्हणून गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, म्हणजे पायाला घट्ट दाब देणारे लांब मोजे, घेतले आणि गेले काही महिने ते विमानात व घरीही वापरले. ते उपयोगी आहेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र पुण्याहून निघणाऱ्याने ते मुंबईच्या विमानतळावर न घालता घरूनच घालून निघावे.

याचे कारण आपल्या प्रवासाच्या रचनेत आहे. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी जाणारी विमाने मोजक्याच शहरांना जातात आणि लंडन त्यांत नाही. त्यामुळे आधी टॅक्सीने द्रुतगती मार्गावरून मुंबईला जायचे, घाटात वाहतूक अडली तर तिथे थांबायचे, तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचे आणि त्यानंतर नऊ-दहा तासांच्या उड्डाणाला बसायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तास किंवा त्याहून अधिक वेळ हालचाल न करता बसून केलेल्या प्रवासाने शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि हे विमानाइतकेच आगगाडी, बस व मोटारीलाही लागू आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत चार तासांहून लांबच्या उड्डाणानंतरचा प्रत्यक्ष धोकाही फार कमी, म्हणजे सहा हजारांत एकाच्या आसपास आहे, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. पण हे बसून राहणे पुण्यातून बाहेर पडताना, टॅक्सीत वाकडच्या पुलापासूनच सुरू होते, हे ध्यानात ठेवावे.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतात. बसून राहिले की हे काम मंदावते आणि पाण्याचा अंश घोट्यांभोवती साठतो. स्टॉकिंगचा दाब घोट्यापाशी सर्वाधिक आणि वर कमी होत जाणारा असल्याने तो या कामाला हातभार लावतो. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात पाच तासांहून लांबच्या उड्डाणांतील प्रवाशांवरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या होत्या. लक्षणे नसलेली गुठळी आढळलेल्या ५० जणांपैकी ४७ जणांनी स्टॉकिंग्ज घातलेले नव्हते, तिघांनीच घातलेले होते. लक्षणे दिसण्याइतकी गुठळी मात्र त्यांत कोणालाच झाली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. माझ्यापुरता फरक सुजेत आहे, आणि तो मोठा आहे.

खरेदी करताना बुटाच्या मापावर विसंबू नये. सकाळी, सूज नसताना, घोट्यावरचा सर्वांत बारीक आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजावा. मी सदाशिव पेठेतल्या सर्जिकल साहित्याच्या दुकानातून १५ ते २० मिलिमीटर पारा इतक्या दाबाचे घेतले. रक्तदाब मोजण्याचेच हे एकक आहे. त्याहून अधिक दाबाचे डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. पायांच्या धमन्यांत अडथळा असणाऱ्यांनी किंवा मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी तर कोणतेही स्टॉकिंग्ज वैद्यकीय सल्ल्याशिवाय घालू नयेत.

घालण्याची क्रिया कष्टाची आहे, हा या वस्तूचा खरा दोष. टाचेपर्यंतचा भाग उलटा करून आधी पाऊल आत सरकवायचे आणि मग कापड थोडे थोडे वर घ्यायचे. रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली मिळते. कंबर वाकत नसलेल्या ज्येष्ठांना मदतीचा हात लागेलच, आमच्याकडे यजमानांना तो मी देते. रात्री निघायचे असेल तर आधी अर्धा तास पाय उशीवर घेऊन पडावे, म्हणजे दिवसभराची सूज उतरते. वरची कड कधीही दुमडू नये, कारण दुमडलेली कड दोरी बांधल्यासारखी पोटरीला आवळते आणि सगळा हेतूच उलटा होतो.

विमानात स्टॉकिंग्ज आहेत म्हणून उठणे टाळू नये. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे महाबळेश्वरहूनही विरळ असतो आणि हवा अतिशय कोरडी असते. मी मार्गिकेजवळची जागा मागून घेते, थोड्या थोड्या वेळाने चालते आणि बसल्या जागी टाचा उचलते. पूर्वी हीथ्रोला उतरल्यावर टॅक्सीशिवाय इलाज नसे. आता पिकॅडिली लाइनने, जिने चढत-उतरत, लेकीच्या घरी जाता येते. रस्ता पाठ असल्याने चालण्यातही आनंद असतो.

पुण्यात परतल्यावर स्वयंपाकघरात फार वेळ उभे राहायचे असेल त्या दिवशी ते घालते. पावसाळ्यात आणि थंडीत काही जाणवत नाही, पण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दुपारी खाज सुटते आणि ते काढावेच लागतात. धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण पुरतो; वाळत मात्र सावलीतच घालावेत, कारण उन्हाने लवचीक धागा लवकर निकामी होतो. नियमित वापरात साधारण सहा महिन्यांनी दाब कमी होतो. माझी जोडी आता सहज पायात शिरते, म्हणजे तिचे काम संपत आले आहे. पुढच्या प्रवासापूर्वी पुन्हा माप घेऊन, बोटांपाशी उघडी असलेली जोडी घेणार आहे, कारण तीत बोटांचा रंग पाहून रक्तपुरवठा नीट आहे ना, हे कळते.