संस्था आमची, नाव मात्र त्याच्या खात्यात

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. समोरच्या माणसाला 'सही करण्याआधी नीट वाचा' असं मी किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. त्यामुळे संस्थेचं संकेतस्थळ आणि सॉफ्टवेअर करून घेताना आम्ही कसे फसलो, ते लिहिताना जरा लाज वाटते. तरीही लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात ओळखीच्या दोन नव्या संस्था याच वाटेनं निघालेल्या दिसल्या.

निवृत्तीनंतर आम्ही पाच जणांनी पाटण तालुक्यात एक छोटा न्यास सुरू केला. जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायचे आणि लागेल त्याला चष्मा द्यायचा, एवढंच काम. आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळा तालुका 'बाई' म्हणतो. अण्णांचं चष्म्याचं दुकान आहे. साध्या फ्रेमचा एक चष्मा आम्हाला २३० रुपयांना पडतो. हा आकडा लक्षात ठेवा. अण्णा प्रत्येक खर्च याच आकड्यानं भागतात.

साताऱ्याला धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली. २०२२ च्या सुरुवातीला आयकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या कलमांखाली तात्पुरती मान्यताही मिळाली. त्याच सुमारास एका कार्यशाळेत 'तो' भेटला. पुण्याचा, तिशीतला, बोलायला मिठ्ठास. 'एनजीओंचं डिजिटल काम आम्ही सेवा म्हणून करतो, काका. कंपन्यांना लावतो त्याच्या निम्मा दर.' पहिल्या भेटीत मी 'सर' होतो, चहा झाल्यावर 'काका' झालो. शेवटच्या फोनवर 'तुम्ही लोक' झालो, ते पुढे येईलच.

कोटेशन मराठीत दिलं होतं. आम्हाला त्याचंच कौतुक वाटलं. संकेतस्थळ १५ हजार, देणगीदारांचं सॉफ्टवेअर २२ हजार, तपासणीच्या नोंदींचं मोबाइल ॲप साडेबारा हजार, 'गूगल एनजीओ ग्रँट प्रोसेसिंग' १२ हजार, स्वयंसेवी संस्थांसाठीच्या निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी साडेसहा हजार. एकूण ६८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८०,२४०. अण्णांनी तिथेच कागदाच्या मागे भागाकार केला आणि माझ्यापुढे सरकवला: ३४८ चष्मे. मी म्हटलं, अण्णा, एकदाच करायचं काम आहे, होऊन जाऊ दे.

आता एकेक ऐका. दर्पणची नोंदणी फुकट असते. विश्वस्तांचे पॅन आणि आधार, नोंदणीचा दाखला एवढं हाताशी असलं की एका बैठकीत अर्ज भरून होतो. गूगलची संस्थांसाठीची योजनाही फुकटच आहे. संस्थेच्या नावाचे ईमेल, ड्राइव्हवरची जागा, सगळं त्यात येतं. फक्त संस्था खरी आहे का याची पडताळणी होते आणि त्यात काही दिवस जातात. ते थांबण्याचे आम्ही १२ हजार मोजले. त्यात 'ग्रँट' या शब्दानं आमचं डोकं फिरवलं होतं. गूगल महिन्याला दहा हजार डॉलरपर्यंत देतं म्हणे! देतं, पण ते जाहिरातींचं श्रेय असतं, शोधाच्या पानावर आपली जाहिरात दिसावी म्हणून. त्यातून एक चष्मा येत नाही. आमच्या मोरगिरीसारख्या गावात चष्मा कुठे मिळेल, असं गूगलवर शोधणारे महिन्याला किती निघणार?

सॉफ्टवेअरची गोष्ट माझ्या भाच्यानं उघडकीला आणली. तो दिवाळीला आला होता. पान उघडून खाली गेला आणि तळाच्या रिकाम्या पट्टीवरून माऊस दाबून ओढला. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दडवलेलं नाव निळं होऊन वर आलं: सिव्हीसीआरएम. संस्थांसाठीच बनवलेलं, जगभर वापरलं जाणारं, खुल्या स्रोताचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. आता न्यायानं बोलायचं तर असं सॉफ्टवेअर बसवून देण्याचे पैसे घेण्यात गैर काही नाही. परवाना तशी मुभा देतो, आणि बसवायलाही अक्कल लागते. पण यानं 'आमच्या टीमनं आठ महिने खपून केलंय' असं सांगून ते विकलं होतं. आणि खरं सांगू का, पाच माणसांच्या संस्थेला ते हवंच कशाला होतं? आमचे दोनशेबारा देणगीदार. एका एक्सेलच्या पानावर मावतात.

ॲपनं तर हसं केलं. मोरणा खोऱ्यातल्या वरच्या वाड्यांत मोबाइलला रेंज शाळेच्या ओट्यावर एका कोपऱ्यात मिळते, तीही वारा सरळ असला तर. सहा मीटरवर तक्ता लावायचा, पोराचा एक डोळा झाकायचा, ओळ विचारायची, आकडा फोनमध्ये भरायचा. पहिल्याच शाळेत ६१ मुलांच्या नोंदी भरल्या. संध्याकाळी पाटणला येऊन बघतो तर ॲप कोरं. नेट नसेल तर ते काहीच जपून ठेवत नव्हतं. याला फोन केला तर म्हणतो, 'काका, तुम्ही रेंजमध्ये बसून भरत जा ना.' बाईंनी वहीत समांतर नोंद ठेवली होती म्हणून त्या ६१ पोरांतल्या लागतील त्यांचे चष्मे झाले. हेच काम कोबो टूलबॉक्स या फॉर्म भरायच्या साधनावर फुकट होतं. फॉर्म फोनमध्ये साठतो आणि रेंज मिळाली की वर जातो. त्याच्या फुकट खात्याला नोंदींची मर्यादा आहे, पण आमच्यासारख्यांना ती पुरून उरते. आता आम्ही दोन जुन्या फोनांवर तेच वापरतो.

इथपर्यंत हा महागात पडलेला व्यवहार होता, म्हणजे आमचं अज्ञान. फसवणूक पुढे आहे.

मे २०२३. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये आयकर खात्याला ३१ मेपर्यंत द्यावी लागते. नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, रोख की बँकेतून. मग त्यावरून प्रत्येकाला १०बीई दाखला मिळतो आणि त्यावर त्याची करसवलत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय दहा हजारांपासून एक लाखापर्यंत दंडाची तरतूद. आमची सगळी यादी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. १० मेला मी लॉगिन केलं तर पासवर्ड चालेना. फोन केला. 'काका, वार्षिक देखभालीचे पस्तीस हजार राहिलेत. ते आले की लगेच चालू करतो.' मी म्हटलं, करारात पंधरा आहेत. 'पंधरा नुसत्या साइटचे. डेटा मायग्रेशन वेगळं.' दोन दिवसांनी ईमेलही बंद पडले. मग भाच्यानं फोनवरच बसून डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते तपासलं. संस्थेच्या नावाचं ते डोमेन, आमच्या पत्रकांवर, पावत्यांवर, चष्म्याच्या डब्यांवर छापलेलं, नोंदीत मालक म्हणून त्याच्या फर्मचं नाव. मुदत संपायला पाच आठवडे.

मी कपाटातून करार काढला. ओळ अशी होती: 'ग्राहकाच्या वतीने डोमेन घेण्यात येईल.' वतीने. नावे नाही, वतीने. कर्ज विभागात या दोन शब्दांमधल्या फरकावर मी लोकांच्या जमिनी अडलेल्या पाहिल्यात! आणि स्वतःच्या संस्थेच्या कागदावर सही करताना मला दराचे आकडे तेवढे दिसले.

ज्या कंपनीकडे डोमेन नोंदलं होतं तिला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: खातेदार ज्याचा, हस्तांतराचा कोड त्यालाच. त्यांचंही बरोबर. घराचा भाडेकरार ज्याच्या नावे त्यालाच घरमालक किल्ली देणार.

मग मी उशिरा का होईना, कर्जदाराची करायचो तशी त्याच्या कागदांची चौकशी केली. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलं होतं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, न्यास असेल तर टी, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी क्रमांकाचं सहावं अक्षर बघायचं. याचं होतं पी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर त्या नावाची कंपनीच नव्हती. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर नोंदणी रद्द झालेली, तीही आमच्या बिलाच्या तारखेच्या आधी. आमच्याकडून कर म्हणून घेतलेले १२,२४० त्याच्या खिशात गेले. हे सगळं बघायला मला वीस मिनिटं लागली, पैसे देऊन वर्ष झाल्यावर.

पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण 'काका, हा दिवाणी मामला दिसतोय' असंच ऐकवलं. ग्राहक मंचाचं विचारलं तर वकील म्हणाले, तिथेही गोची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये प्रतिभा प्रतिष्ठानच्या प्रकरणात म्हटलंय की न्यास हा त्या कायद्यातल्या व्याख्येत 'व्यक्ती' नाही, म्हणून त्याला ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही. तो निकाल १९८६ च्या कायद्यावरचा आहे, २०१९ च्या नव्या कायद्याखाली वाद घालता येईल, पण वर्षं जातील. आम्ही नोटीस पाठवली. त्यानं 'वीस हजारांत मिटवू' म्हणून फोन केला आणि मी नाही म्हटल्यावर ते 'तुम्ही लोक' आलं: 'तुम्ही लोक फुकटात सगळं मागता.' अण्णा शेजारीच होते. म्हणाले, ८७ चष्मे मागतोय, एक देऊ नका.

हे एकीकडे चालू होतं, दुसरीकडे १०बीडीच्या यादीसाठी हातात अठरा दिवस होते. सुदैवानं बाईंच्या हट्टानं कागदी पावती पुस्तक चालू ठेवलं होतं. त्या स्थळप्रती, बँकेचं पासबुक आणि माझी वही घेऊन आम्ही तिघं अण्णांच्या दुकानात बसलो. नावं आणि रकमा जुळल्या. अडलं पॅनवर, कारण ते फक्त सॉफ्टवेअरमध्ये भरलेले.

आमचे निम्मे देणगीदार मुंबईत. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा हा तालुका, इथली घरंच्या घरं माथाडीत. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहून गावच्या शाळेला ५०१ रुपये पाठवणारी माणसं. बाईंनी त्यांना फोन लावायला सुरुवात केली. 'नमस्कार, आपल्या संस्थेतून बोलतेय, तुमचा पॅन नंबर हवा होता.' पलीकडून एक जण म्हणाला, 'ताई, असले फोन फसवणुकीचे असतात. पोरानं बजावून ठेवलंय.' आणि ठेवला. दुसऱ्यानं शिवी घातली. बाई थोडा वेळ फोनकडे बघत बसल्या. मग पुन्हा लावला आणि तपासणीत पोरांना दरडावतात त्या आवाजात म्हणाल्या, 'चौथीला तुझ्या वर्गावर कोण होतं? मग सांग नंबर.' त्यानं आधी बाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग नंबर दिला. बऱ्याच जणांना सवलत नकोच होती, 'पावती राहू द्या, चष्मे द्या' म्हणाले. ३० मेच्या रात्री कराडला सीएंच्या कार्यालयात फॉर्म भरला गेला. सतरा जणांचे क्रमांक शेवटपर्यंत मिळाले नाहीत.

नवं डोमेन मी स्वतः घेतलं. पैसे संस्थेच्या बँक खात्यातून, नोंदणी न्यासाच्या नावानं. वर्षाचा खर्च चार चष्म्यांपेक्षा कमी. खात्याचा ईमेल कुणा एकाचा नाही. पासवर्ड बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात, आणि तसा ठराव इतिवृत्तात. भाचा हसला, पण पाकिटावर सही त्यानंच केली. पत्रं आता लिबरऑफिस या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, यादी गूगलच्या शीटमध्ये, आणि दर महिन्याच्या १ तारखेला तिची प्रत पेनड्राइव्हवर काढून बाईंच्या घरी. फुकट मिळतं म्हणून तिथेही डोळे मिटत नाही. मायक्रोसॉफ्ट संस्थांना त्यांच्या वरच्या योजनेचे दहा परवाने फुकट द्यायचं, ते २०२५ मध्ये बंद केलं. उद्या गूगलनंही हात आखडला तर यादी पेनड्राइव्हवर आहे.

जुन्या डोमेनची मुदत जूनमध्ये संपली. त्यानंही ते सोडून दिलं, त्याला तरी त्याचा काय उपयोग? गणपतीनंतर वरच्या वाडीच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. आवाज अवघडलेला. 'सर, मुलांच्या चष्म्याच्या डबीवर तुमचा पत्ता आहे ना, एका पोरानं घरी तो मोबाइलवर टाकून बघितला. पत्त्यांचा जुगार निघतोय त्यावर. रमी.'

हजार डब्या छापल्या होत्या, सहाशे वाटून झालेल्या. उरलेल्या चारशेंवर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावायचं काम आम्ही दुकानात बसून तीन संध्याकाळी केलं. वाटलेल्या डब्यांसाठी शाळाशाळांत चिकटपट्ट्या पाठवल्या. परवा एक मुलगी काडी तुटली म्हणून चष्मा घेऊन आली. डबी बघितली. दप्तरात घासून चिकटपट्टी निघून गेली होती. अण्णांनी काडी बसवली, गल्ल्यातून नवी चिकटपट्टी काढली, अंगठ्यानं दाबून लावली आणि तिला म्हणाले, ही काढायची नाही हं.